एक रुपया, दोन सूत्रधार

महाडजवळच्या नाते गावी जन्मलेल्या चिंतामणराव देशमुखांनी भारताच्या रुपयाची राखण दोन वेगवेगळ्या खुर्च्यांवरून केली. 1943 ते 1949 या काळात ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. 1950 मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देईपर्यंत त्या पदावर राहिले. पुढे मनमोहन सिंग यांच्याही वाट्याला या दोन्ही खुर्च्या आल्या. 1982 ते 1985 ते गव्हर्नर होते, तर 1991 ते 1996 अर्थमंत्री.

एकच माणूस दोन्ही पदे सांभाळू शकतो, पण दोन्ही पदांची ओढ एक नसते. अर्थमंत्र्यांपुढे रस्ते, शाळा, खतांचे अनुदान, सैन्याचा पगार आणि पुढच्या निवडणुका असतात. गव्हर्नरांपुढे एकच मोठे काम असते: लोकांच्या हातातल्या पैशाची किंमत टिकवणे. दिल्लीतून चालते ते राजकोषीय धोरण. कर किती घ्यायचा, खर्च कशावर करायचा आणि कमी पडलेले पैसे कुठून आणायचे, हे त्यात ठरते. मुंबईतून चालते ते पतधोरण. बँकांना कोणत्या दराने पैसे द्यायचे आणि बाजारात किती पैसा खेळता ठेवायचा, हे त्यात ठरते. गृहकर्जाचा हप्ता, मुदत ठेवीवरचे व्याज, पेट्रोलचा भाव आणि परदेशी शिकणाऱ्या मुलीची फी ही सारी या दोन धोरणांच्या मेळातून किंवा बेबनावातून ठरत जाते.

या प्रकरणाचा गाभा असा आहे. सरकार मिळकतीपेक्षा जास्त खर्च करत राहिले, की त्याचे ओझे कुठेतरी उतरते. उतरण्याच्या जागा तीन आहेत: व्याजदर, चलनाचा दर आणि महागाई. मध्यवर्ती बँक ते ओझे नाहीसे करू शकत नाही. ते या तिघांपैकी कोणावर किती पडावे, एवढेच ती बऱ्याच अंशी ठरवते. आणि ओझे किती जड होणार, हे सरकारवर आणि बँकेवर लोकांचा विश्वास किती आहे यावर ठरते. अमेरिका, ब्रिटन, तुर्कस्तान, जपान आणि आपला भारत यांच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासात हे स्वच्छ दिसते.

व्याजदर कुठून येतो

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी रेपो दर जाहीर करते. बँकांना अल्प मुदतीसाठी पैसे लागले, तर सरकारी रोखे तारण ठेवून त्या रिझर्व्ह बँकेकडून या दराने पैसे घेतात. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी गृहकर्जे बदलत्या दराची असतील, तर ती बाहेरच्या एखाद्या मापदंडाशी जोडावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दरच निवडला. त्यामुळे मुंबईत दर वाढला, की त्याची झळ लगेच घरापर्यंत येते. 30 लाखांचे 20 वर्षांचे कर्ज 8 टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे 25,090 रुपये बसतो. दर 9 टक्के झाला, की तो सुमारे 26,990 रुपये होतो. महिन्याला 1,900 रुपये जास्त, म्हणजे वीस वर्षांत साडेचार लाखांहून अधिक.

रेपो दर हा थोड्या दिवसांच्या पैशाचा भाव झाला. दहा, वीस, तीस वर्षांच्या पैशाचा भाव सरकारी रोख्यांच्या बाजारात ठरतो, आणि तिथे सर्वांत मोठा कर्जदार खुद्द सरकार असते. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 50.65 लाख कोटी रुपये धरला होता. त्यातली राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाने भागवायची रक्कम, 15.69 लाख कोटी होती. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 4.4 टक्के. त्याच वर्षी जुन्या कर्जांवरचे व्याज 12.76 लाख कोटी धरले होते. खर्चातला दर चौथा रुपया व्याजात जातो, तो असा.

हे रोखे विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी आणि बँका घेतात, म्हणजे शेवटी आपल्याच बचतीतून ते घेतले जातात. बचत तेवढीच आणि मागणारे जास्त, असे झाले की पैशाचा भाव चढतो. समजा, सरकारने 7 टक्के व्याजाचा दहा वर्षांचा रोखा शंभर रुपयांना विकला होता. पुढच्या वर्षी लोक 8 टक्के मिळाल्याशिवाय पैसे द्यायला तयार नसतील, तर 7 टक्क्यांचा जुना रोखा शंभरला कोण घेईल? त्याचा भाव सुमारे 94 रुपयांपर्यंत उतरतो. रोख्यांचे भाव पडले, अशी बातमी आली की दीर्घ मुदतीचे व्याजदर चढले असे समजावे. कारखानदाराचे कर्ज, राज्य सरकारांचे कर्ज, पुलाचे आणि धरणाचे कर्ज, सगळे त्या पाठोपाठ महागते.

मंदीत मात्र चित्र वेगळे असते. 2020-21 मध्ये करोनामुळे उद्योग ठप्प होते, खाजगी क्षेत्राला कर्ज नको होते. तेव्हा केंद्राची तूट 9 टक्क्यांच्या वर जाऊनही रेपो दर 4 टक्क्यांवर ठेवता आला. बचतीला दुसरा गिऱ्हाईकच नव्हता. त्यामुळे तूट दिसली की ती वाईट, असे सरसकट म्हणणे चूक आहे. कोणत्या वेळी, कशासाठी आणि किती काळ, हे पाहावे लागते.

एकेकाळी सरकारला बाजारात उतरण्याची फारशी गरजच नव्हती. 1950 च्या दशकापासून अशी व्यवस्था होती, की केंद्राची रोकड ठरलेल्या पातळीखाली गेली की रिझर्व्ह बँकेच्या नावे विशेष हुंड्या निघत आणि सरकारच्या खात्यात नवा पैसा जमा होई. त्यावरचे व्याज पुढे कितीतरी वर्षे अवघे 4.6 टक्के राहिले. शिवाय बँकांना ठेवींचा ठरावीक भाग सरकारी रोख्यांत गुंतवावाच लागे. 1990 च्या सुमारास हा भाग 38.5 टक्क्यांपर्यंत गेला होता, आणि आणखी 15 टक्के रिझर्व्ह बँकेकडे राखीव ठेवावे लागत. शंभरातले निम्म्याहून जास्त पैसे असे अडकल्यावर शेतकऱ्याला, दुकानदाराला, लघुउद्योजकाला उरलेल्या पैशासाठी जास्त व्याज मोजावे लागे. तळे राखी तो पाणी चाखी, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडत होती. सरकारला स्वस्त मिळणारे कर्ज बाकीच्यांच्या खिशातून येत होते.

रुपयाचा भाव कशाने हलतो

चलनाचा दर म्हणजे डॉलर मागणारे आणि डॉलर आणणारे यांच्यातला सौदा. आपण लागणाऱ्या खनिज तेलातले 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो. सोने, खाद्यतेल, यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक सुटे भागही आणतो. त्या सगळ्यांसाठी डॉलर लागतो. दुसऱ्या बाजूला पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्या, नाशिकचे द्राक्ष निर्यातदार आणि आखातात राबणारा कोकणातला माणूस डॉलर आणतात. ही आवक जावक जुळली नाही, की चालू खात्यात तूट येते. ती भरायला परदेशी भांडवल लागते.

भांडवल इथे येईल की नाही, यात दोन्ही धोरणांचा हात असतो. परदेशी गुंतवणूकदार पाहतो की भारतात व्याज किती, अमेरिकेत किती, भारतातली महागाई किती आणि तो पैसे परत नेईल तेव्हा रुपया किती घसरलेला असेल. भारतात 7 टक्के मिळाले पण वर्षभरात रुपया 5 टक्के उतरला, तर त्याच्या हाती सुमारे 2 टक्केच उरतात. म्हणून नुसता चढा व्याजदर चलनाला सावरत नाही. महागाई काबूत राहील, सरकार देणी फेडेल, नियम एका रात्रीत बदलणार नाहीत, याची खात्रीही लागते. त्या खात्रीअभावी चढा दर धोक्याची सूचना वाटू लागतो.

याच्यातच आणखी एक अडचण दडलेली आहे. रॉबर्ट मुंडेल आणि मार्कस फ्लेमिंग या अर्थशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी ती मांडली. भांडवलाला मोकळी ये-जा, स्थिर विनिमय दर आणि स्वतःच्या मर्जीने ठरवलेला व्याजदर, या तिन्ही गोष्टी कोणत्याही देशाला एकाच वेळी साधत नाहीत. दोन घ्याव्या, तिसरी सोडावी. मुंडेल यांना 1999 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. भारताने मधला मार्ग धरला आहे. भांडवलावर थोडे निर्बंध, रुपयाला थोडी मोकळीक, आणि फार मोठा झोका आला तर परकीय चलनाच्या गंगाजळीतले डॉलर विकून किंवा घेऊन आवर.

अमेरिका: तूट वाढली आणि डॉलर चढला

ऑगस्ट 1979 मध्ये पॉल व्होल्कर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले. महागाई दोन आकड्यांत गेली होती. ऑक्टोबरमध्ये त्यांनी जाहीर केले, की बँक यापुढे पैशाच्या पुरवठ्यालाच लगाम घालील, व्याजदर जातील तिथे जाऊ देत. 1981 मध्ये बँकांमधला अल्प मुदतीचा दर 20 टक्क्यांच्या घरात पोचला, तर गृहकर्ज 18 टक्क्यांच्या वर गेले. बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून व्होल्करना लाकडी फळ्यांचे तुकडे टपालाने पाठवले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर राजधानीत आणले. 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्के झाली. पण महागाई 1983 पर्यंत 4 टक्क्यांच्या खाली आली.

त्याच काळात अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी 1981 मध्ये मोठी करकपात केली आणि संरक्षणाचा खर्च वाढवला. 1983 मध्ये केंद्रीय तूट उत्पादनाच्या सुमारे 6 टक्के झाली. बँक पैसा आखडत होती, सरकार सैल सोडत होते. ओझे व्याजदरावर पडले. महागाई खाली येऊनही दीर्घ मुदतीचे दर बराच काळ 10 टक्क्यांच्या वर राहिले. त्या व्याजासाठी जगभरचे भांडवल अमेरिकेकडे धावले. 1980 च्या आरंभी एका डॉलरला पावणेदोन जर्मन मार्क मिळत, फेब्रुवारी 1985 मध्ये जवळपास साडेतीन मिळू लागले.

चढा डॉलर अमेरिकेला फुकट पडला नाही. तिथल्या कारखान्यांचा माल जगात महागला, आयात स्वस्त झाली, आणि पोलाद व मोटारींच्या शहरांतले रोजगार गेले. डॉलरमध्ये कर्ज घेतलेले देश तर भरडून निघाले. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने कर्जफेड जमणार नाही असे कळवले, आणि लॅटिन अमेरिकेचे ते दशक कर्जाच्या संकटात गेले. अखेर 22 सप्टेंबर 1985 रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात अमेरिका, जपान, पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि ब्रिटन यांनी मिळून डॉलर उतरवण्याचा करार केला.

ब्रिटन: तूट वाढली आणि पौंड कोसळला

हाच प्रयोग 2022 मध्ये ब्रिटनने केला आणि निकाल उलटा लागला. 23 सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी 45 अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली. त्याआधीच घरगुती वीजबिलांसाठी प्रचंड मदत जाहीर झालेली होती. पैसे कुठून येणार, याचे उत्तर दिले नाही. सरकारी हिशेबांची स्वतंत्र छाननी करणारे कार्यालय ब्रिटनमध्ये 2010 पासून आहे. त्याचा अंदाजही सोबत प्रसिद्ध केला नाही. महागाई तेव्हा 10 टक्क्यांच्या आसपास होती आणि बँक ऑफ इंग्लंडने आदल्याच दिवशी दर वाढवला होता.

सोमवारी, 26 तारखेला, पौंड सुमारे 1.03 डॉलरपर्यंत कोसळला. इतका खाली तो कधीच गेला नव्हता. 28 तारखेला तीस वर्षांच्या सरकारी रोख्यांवरचा परतावा 5 टक्क्यांच्या वर गेला. निवृत्तिवेतन निधींनी रोख्यांवर उसनवारीचे व्यवहार केले होते. भाव पडताच त्यांना तारण वाढवावे लागले, त्यासाठी रोखे विकावे लागले, आणि विक्रीने भाव आणखी पडले. महागाई उतरवण्यासाठी रोखे विकायच्या तयारीत असलेल्या बँक ऑफ इंग्लंडलाच त्या दिवशी बाजारात उतरून रोखे घ्यावे लागले. कर्ज देणाऱ्या संस्थांनी गृहकर्जाच्या शेकडो योजना मागे घेतल्या. 14 ऑक्टोबरला अर्थमंत्री गेले, 20 ऑक्टोबरला पंतप्रधान लिझ ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

रेगन यांच्या अमेरिकेत आणि ट्रस यांच्या ब्रिटनमध्ये फरक कोणता? तूट दोघांचीही होती, व्याजदर दोन्हीकडे चढले. पण अमेरिकेत व्होल्कर यांनी महागाई मोडून दाखवली होती. डॉलर साठवून ठेवला तर त्याची किंमत टिकेल, यावर जगाचा भरवसा बसला होता. शिवाय डॉलर ही साऱ्या जगाच्या व्यापाराची गरज होती. ब्रिटनमध्ये सरकारने आपल्याच तपासनिसाला बाजूला सारले होते, आणि महागाई आटोक्यात येण्याची चिन्हे नव्हती. त्यामुळे चढ्या दरात जगाला संधी दिसली नाही, धोका दिसला.

दर दाबून ठेवला तर

मग व्याजदर चढूच दिले नाहीत तर? तुर्कस्तानने ते करून पाहिले. चढे व्याजच महागाई वाढवते, अशी अध्यक्ष एर्दोआन यांची ठाम धारणा होती. 2019 ते 2021 या दोन वर्षांत तिथे मध्यवर्ती बँकेचे तीन प्रमुख बदलले गेले. सप्टेंबर 2021 मध्ये 19 टक्के असलेला दर डिसेंबरपर्यंत 14 वर आणला. महागाई वाढत असताना हे झाले. त्या एका वर्षात लिराने डॉलरसमोर 40 टक्क्यांहून अधिक किंमत गमावली. ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांपलीकडे गेली. लोक लिरा सोडून डॉलरकडे पळू नयेत, म्हणून सरकारने ठेवीदारांना घसरणीची भरपाई देण्याची हमी दिली, आणि चुकीच्या पतधोरणाचे बिल सरकारी तिजोरीवर आले. 2023 च्या निवडणुकीनंतर दिशा बदलावी लागली. मार्च 2024 मध्ये तिथला दर 50 टक्के झाला. कमी दराच्या हट्टापायी शेवटी कितीतरी जास्त दर सोसावा लागला.

जपानची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तिथले सरकारी कर्ज उत्पादनाच्या दुपटीहून जास्त, तरी व्याज अनेक वर्षे शून्याच्या आसपास राहिले. कर्ज येनमध्ये आहे आणि बहुतांशी जपानी लोकांच्याच बचतीतून आलेले आहे. मध्यवर्ती बँकेनेही रोखे भरभरून घेतले. महागाई नव्हती तोवर हे निभावले. 2022 मध्ये अमेरिकेने दर झपाट्याने वाढवले आणि जपानने वाढवले नाहीत. तेव्हा ओझे चलनावर गेले. 2012 मध्ये सुमारे 80 येनला मिळणारा डॉलर जुलै 2024 मध्ये 160 येनच्या वर गेला. ऊर्जा आणि अन्न आयात करणाऱ्या जपानी घरांना ती घसरण रोजच्या खर्चात जाणवली.

भारत: 1991 आणि 2013

आपल्याकडे 1980 च्या दशकात वाढीचा वेग सुधारला, पण कर्जाच्या जोरावर. ऋण काढून सण, असेच म्हणायला हवे. मनमोहन सिंग यांनी 24 जुलै 1991 च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितले, की केंद्राची तूट 1970 च्या दशकाच्या मध्यावर 4 टक्के होती, ती 1990-91 मध्ये 8 टक्क्यांच्या वर गेली आहे. ही तूट भरायला रिझर्व्ह बँकेकडून नवा पैसा निघत होता. त्या पैशातून मागणी वाढत होती आणि मागणीतून आयात. चालू खात्यातली तूट उत्पादनाच्या 3 टक्क्यांजवळ पोचली. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला, तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला. अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. गंगाजळीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले.

मे 1991 मध्ये स्टेट बँकेमार्फत 20 टन सोने परत घेण्याच्या अटीवर परदेशात विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोने मुंबईहून पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे 40 कोटी डॉलर उभे केले. 1 आणि 3 जुलैला दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले आणि 21 रुपयांचा डॉलर 26 रुपयांच्या जवळ गेला. बँक दर दहा वर्षे 10 टक्के होता, तो जुलैमध्ये 11 आणि ऑक्टोबरमध्ये 12 टक्के झाला. ऑगस्टमध्ये घाऊक महागाई 17 टक्क्यांच्या आसपास होती. ओझे तिन्ही जागी एकदमच उतरले होते.

यातून शहाणपण आले. मार्च 1993 पासून रुपयाचा दर बाजारावर सोडला गेला. 1994 मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला, आणि 31 मार्च 1997 नंतर त्या विशेष हुंड्या कायमच्या बंद झाल्या. 2003 मध्ये तुटीला मर्यादा घालणारा एफआरबीएम कायदा आला. एप्रिल 2006 पासून अपवादात्मक परिस्थिती वगळता सरकारने काढलेले नवे रोखे रिझर्व्ह बँकेने थेट घेणे थांबले.

तरीही 2008 च्या जागतिक संकटानंतर दिलेला खर्चाचा जोर वेळेत आवरता आला नाही. 2009-10 मध्ये केंद्राची तूट साडेसहा टक्क्यांच्या आसपास होती. डिझेलसारख्या वस्तूंचे भाव सरकारने दाबून धरले होते, महागाई 10 टक्क्यांच्या आसपास रेंगाळली होती. बँकेतल्या ठेवीवर मिळणारे व्याज महागाईत विरून जात होते, म्हणून लोक सोने घेत सुटले. 2012-13 मध्ये चालू खात्यातली तूट 4.8 टक्के झाली. अशा वेळी 22 मे 2013 रोजी फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नांकी यांनी बाजारात पैसा ओतणारी रोखेखरेदी कमी करण्याचे सूतोवाच केले, आणि भारतातून भांडवल परतू लागले. 55 रुपयांचा डॉलर 28 ऑगस्टला 68 च्या वर गेला.

गव्हर्नर डी. सुब्बाराव यांनी जुलैमध्ये बँकांसाठीच्या आपत्कालीन कर्जाचा दर 8.25 वरून 10.25 टक्के केला. उद्योग मंदावलेले असताना रुपयासाठी दर चढवावा लागला. मुंडेल यांनी सांगितलेली अडचण आपल्या दारात उभी होती. सरकारने सोन्यावरचे आयात शुल्क 10 टक्के केले. सप्टेंबरमध्ये रघुराम राजन गव्हर्नर झाले. अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी बँकांना सवलतीच्या दराने चलन संरक्षण दिले गेले आणि त्यातून सुमारे 26 अब्ज डॉलर आले. सरकारनेही तूट आवरती घेतली. वर्ष संपेपर्यंत रुपया 62 च्या आसपास स्थिरावला. दिल्ली आणि मुंबई एकाच दिशेने चालल्या, तेव्हाच वादळ शमले.

त्यानंतर 2016 मध्ये कायद्याने महागाईचे उद्दिष्ट 4 टक्के ठरले, दोन टक्के वर-खाली मुभा ठेवून. व्याजदर ठरवायला सहा सदस्यांची समिती नेमली गेली. 2022 मध्ये अमेरिकेने पुन्हा झपाट्याने दर वाढवले. रुपया तेव्हाही घसरला आणि ऑक्टोबरमध्ये डॉलर 83 रुपयांपर्यंत गेला. रिझर्व्ह बँकेने गंगाजळी वापरली, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 दरम्यान रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला, आणि 2013 सारखी धावपळ झाली नाही.

झळ कोणाला बसते

रुपया घसरला की सगळ्यांचेच नुकसान होते, असे नाही. द्राक्षे, कांदा, कापड आणि सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्यांच्या हाती जास्त रुपये पडतात. आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्याच्या कुटुंबालाही फायदा होतो. उलट डॉलर दोन रुपयांनी महागला, तर वर्षाला 30,000 डॉलर फी भरणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी 60,000 रुपयांची जास्तीची तजवीज करावी लागते. डिझेल महागले की शेतमालाची वाहतूक महागते. आयात केलेले खाद्यतेल महागले की गरिबाच्या कढईला ते आधी कळते. व्याजदर चढले की कर्जदार पिचतो. महागाईच्या खाली राहिले, तर मुदत ठेवीवर जगणारे निवृत्त शिक्षक दाम्पत्य हळूहळू कफल्लक होत जाते.

ज्याच्याकडे जमीन, सोने, समभाग आणि परदेशी खाते आहे, त्याला महागाईतून वाट काढता येते. ज्याची सगळी पुंजी रोख पगारात आणि बँकेच्या पुस्तकात आहे, त्याला ती काढता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध केला. चलन किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, त्याला निश्चित मर्यादा हवी, असा त्यांचा आग्रह होता. पैशाची किंमत घटली की मजुराची मजुरी घटते, ही चिंता त्यामागे होती. शंभर वर्षांनंतरही त्या आग्रहाचे मोल कमी झालेले नाही.

म्हणून तुटीवरची शिस्त हा केवळ बड्या गुंतवणूकदारांचा विषय नाही. अंथरूण पाहून पाय पसरणारे सरकार आणि कोणाच्याही दबावाला न जुमानणारी मध्यवर्ती बँक यांची सर्वाधिक गरज ज्यांना आहे, ते बाजारात कधीच दिसत नाहीत. शाळा, आरोग्य, सिंचन यांवरचा खर्च थांबवा, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो खर्च करातून आणि परवडेल अशा कर्जातून व्हावा, आणि संकटात हात सैल सोडता यावा म्हणून चांगल्या दिवसांत हात आवरलेला असावा, एवढाच आग्रह आहे.

पुढच्या 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प सादर होईल, तेव्हा प्राप्तिकराच्या टप्प्यांपाशीच थांबू नका. तीन आकडे आवर्जून शोधा: राजकोषीय तूट किती टक्के, सरकार बाजारातून किती कर्ज घेणार, आणि खर्चातला कितवा हिस्सा व्याजात जाणार. पाठोपाठ रिझर्व्ह बँकेचे पतधोरण येईल. तेव्हा महागाई 4 टक्क्यांच्या किती जवळ आहे, ते पाहा. या चार आकड्यांवरून तुमच्या हप्त्याचा, ठेवीचा आणि रुपयाचा पुढचा प्रवास तुम्हाला बराचसा आधीच कळेल, आणि निवडून दिलेल्या प्रतिनिधीला नेमका प्रश्न विचारता येईल.